पान एकतीस

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी साडेबाराच्या सुमारास, मातीपरीक्षणाच्या एका पुस्तकात मला पान एकतीस दोनदा सापडलं. एवढंच झालं. पंखा चालू होता, वाचनकक्षात परीक्षेची मुलं माना खाली घालून बसली होती, समोर सुवर्णा कॉम्प्युटरवर बोटं तयार ठेवून पुढच्या नंबरची वाट पाहत होती.   ग्रंथालयात पुस्तक आलं की त्याला दाखल क्रमांक मिळतो. तो पहिल्या पानावर लिहितात आणि शिवाय आत एका ठरलेल्या पानावर, शिक्का मारून, पुन्हा एकदा लिहितात. ते पान कुठलं हे बाहेर कुणाला सांगायचं नसतं, म्हणजे चोराने पहिलं पान फाडलं तरी पुस्तक आपली ओळख सांगतं. आमच्या नाशिकच्या कॉलेजचं गुप्त पान एकतीस. सत्त्याऐंशी साली मी इथे ग्रंथपाल म्हणून लागले तेव्हा आधीच्या ग्रंथपालांनी मला ते दार लावून घेऊन सांगितलं होतं आणि मला ते हसण्यासारखं वाटलं नव्हतं. आता दोन हजार चार साली कॉलेजने संगणकीकरण काढलं, प्रत्येक पुस्तकावर बारकोडची पट्टी चिकटवायची ठरली, तेव्हाही मी हट्ट धरला की पट्टी चिकटवण्याआधी एकतीस उघडून नंबर मीच वाचणार. सुवर्णा कॉम्प्युटरवाल्या कंपनीकडून आलेली, तिला हे सगळं पुराण वाटायचं. त्या पुस्तकाच्या पहिल्या एकतीसवर नंबर बरोबर होता. पण मागची पानं जरा फुगलेली दिसली म्हणून मी उलटत गेले, तर दीडशे पानांनंतर कागद बदलला, पिवळा झाला, आणि पुन्हा पान एक सुरू झालं. पानांचे प्रकार, शिरा, देठ, सह्याद्रीतले नेचे. आणि त्याचं स्वतःचं एकतीस. माझाच गोल शिक्का, माझंच अक्षर. चौदा हजार दोनशे सात.

“मॅडम, नंबर?” सुवर्णा म्हणाली. मी मातीपरीक्षणाचा नंबर सांगितला. तिने तो टिपला, पट्टी चिकटवली, पुस्तक बाजूच्या गठ्ठ्यावर टाकायला हात पुढे केला. मी म्हटलं, राहू दे, याची शिवण सैल झालीय. ते मी माझ्या खणात ठेवलं आणि पुढच्या शंभर पुस्तकांचे नंबर वाचून दाखवले, एकही न चुकता. मला माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत. माझा नवरा दिनेश म्हणतो की लग्नाच्या मांडवात मी त्यालाही कार्ड बघूनच ओळखलं असणार. पण नंबर एकदा डोळ्यांखालून गेला की जात नाही. आणि हा तर मी दहा वर्षांपूर्वी लाल शाईने लिहिला होता. दाखल रजिस्टरात, १४२०७ पुढे, शेऱ्याच्या रकान्यात: ‘वाचकाने हरवले. वा. क्र. ११८२.’

अकराशे ब्याऐंशी म्हणजे भागीरथी बुधा भोये, बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, वनस्पतीशास्त्र. पेठच्या पलीकडच्या, गुजरातच्या हद्दीला लागून असलेल्या एका पाड्यावरची. वर्गात तिला भागी म्हणत. ती काउंटरवर कधी घाई करायची नाही, मागणीची चिठ्ठी दोन्ही हातांनी पुढे करायची, प्रसाद घ्यावा तसं पुस्तक घ्यायची. मला तिचे हात आठवतात, तोंड आठवत नाही. तेव्हा कार्डांची पद्धत होती. प्रत्येक पुस्तकात एक कार्ड, पुस्तक बाहेर गेलं की ते कार्ड वाचकाच्या तिकिटात घालून माझ्या टेबलावरच्या ट्रेमध्ये उभं करायचं, पुस्तक परत आलं की कार्ड पुन्हा पुस्तकात. ट्रेमध्ये कार्ड आहे याचा अर्थ पुस्तक वाचकाकडे आहे. यावर वाद घालायला जागाच नाही आणि मला ते फार आवडायचं. चौऱ्याण्णवच्या मार्चमध्ये ती फॉर्म घेऊन आली. हॉल तिकीट मिळण्याआधी त्या फॉर्मवर सगळ्या विभागांच्या सह्या लागतात, मुलं त्याला ‘नो ड्यूज’ म्हणतात. प्रयोगशाळेची सही होती, वसतिगृहाची होती, फक्त ग्रंथालयाची राहिली होती. मी ट्रे पाहिला. ११८२, आत कार्ड, १४२०७. पुस्तक आण, म्हटलं.

“ते मी दिलं ना बाई परत,” ती म्हणाली. “तुमच्याच हाती दिलं. पुठ्ठा निघाला हाय म्हणाल्या तुम्ही, शिवायला टाकते म्हणाल्या.”

मी तिच्याकडे न पाहता म्हटलं की माझ्या हातात आलेलं पुस्तक असं राहत नाही. टेबलाखाली माझ्या उजव्या पायाशी बाइंडिंगची टोपली असायची आणि माझा नियम असा की आधी कार्ड, मग टोपली. नियम मीच केला होता, त्यामुळे तो मोडला जाईल असं माझ्या डोक्यातही येत नव्हतं. टोपली आदल्या आठवड्यातच गोटीराम बाइंडरकडे गेली होती. मी त्याच्या यादीत पाहिलं. गोटीरामला वाचता यायचं ते नावापुरतं, पण यादी माझ्या अक्षरातली, पुस्तकांतल्या कार्डांवरून केलेली होती आणि तिच्यात चौदा हजार दोनशे सात नव्हतं. झालं तर मग. मी तिला एक कोरा कागद आणि पेन दिलं. म्हटलं, लिहून दे, माझ्याकडून पुस्तक हरवलं, एवढी एकच ओळ. खाली सही कर. मी लगेच तुझ्या फॉर्मवर सही करते. दरवर्षी दहा-बारा मुलं असं लिहून द्यायची, त्यातली निम्मी खोटं लिहायची, पुस्तक त्यांच्या घरीच असायचं आणि मला ते माहीत असायचं. ती कागदाकडे बघत राहिली. “पण नाय हरवलं, बाई,” ती म्हणाली. “मग कसं लिहू मी?”

तीन दिवस ती ग्रंथालयाच्या दाराबाहेरच्या बाकड्यावर बसली. एकवीस, बावीस, तेवीस मार्च. सकाळी आम्ही दार उघडायचो तेव्हा ती असायची, संध्याकाळी कुलूप घालायचो तेव्हाही असायची. पाठ टेकवायची नाही. कागद मांडीवर, पेन कागदावर. तिच्या प्राध्यापकांनी येऊन शब्द टाकला. मी ट्रे दाखवला, नियम दाखवला, ते निघून गेले. मला राग येत होता, खोटं का सांगू. तीन शब्द लिहायला हिचं काय जातंय, असं वाटत होतं. माझं काय जात होतं हे मला कुणी विचारत नव्हतं. चोवीसला पेपर होता. त्या सकाळी बाकडं रिकामं होतं. त्यावर माझा कोरा कागद आणि त्यावर माझं पेन, उडू नये म्हणून. मी दोन्ही उचलून आत आणलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं. परीक्षेला ती बसली नाही. पुढे कळलं की पावसाळ्याआधी तिचं लग्न लावून दिलं.

दुसरं एकतीस सापडलं त्या संध्याकाळी सुवर्णा गेल्यावर मी खण उघडला. गोटीरामने काय केलं असेल ते आता सरळ दिसत होतं. दोन पुस्तकं, दोन्हींचे पुठ्ठे निघालेले, सारख्याच मापाची, टोपलीत एकावर एक पडलेली, त्याने ती एकच समजून एका दोऱ्यात शिवली आणि वर मातीपरीक्षणाचं नाव छापलं. चूक त्याची होती, पण ट्रेमधलं कार्ड न काढता ते पुस्तक टोपलीत टाकणारा हात माझा होता. पुस्तकाच्या शेवटी तारखांची पट्टी चिकटवलेली होती. आमच्याकडे पुस्तक देताना एक शिक्का, परत घेताना एक शिक्का, आणि मध्ये वाचकाचा नंबर पेनाने. या पट्टीवर मातीपरीक्षणाला नेलेल्या मुलांचे शिक्के असायला हवे होते. तसे ते चारदोन होते, वरच्या बाजूला. त्यांच्याखाली सरळ ओळीत जोड्या होत्या. तेवीस मार्च पंच्याण्णव, चोवीस मार्च पंच्याण्णव. तेवीस मार्च शहाण्णव, चोवीस मार्च शहाण्णव. अशा नऊ. गेल्या वर्षापर्यंत. प्रत्येक जोडीच्या मध्ये ११८२, आणि त्या दोनाला खाली लांब रेघ होती, तशी या इमारतीत फक्त मी ओढते.

मी पट्टी पुन्हा पुन्हा वाचली. बाहेरच्या खोलीत हिरामण, आमचा ग्रंथालय परिचर, खिडक्या लावत होता. त्याला मी हाक मारली नाही. जिन्याखाली जुने कार्डांचे ट्रे ठेवलेत, रद्दीत जायचे आहेत, तिथे मी वाकून पाहिलं. ११८२चं तिकीट मी फाडून टाकलं होतं, हे मला पक्कं आठवत होतं. फाडल्याचा आवाजही आठवत होता. ते ट्रेमध्ये उभं होतं, आत १४२०७चं कार्ड. बाकीची तिकिटं कडेला टणक होती आणि त्यांच्यावर धूळ होती. या एकाचे कोपरे मऊ पडले होते, वरचेवर हातात घेतल्यासारखे. आणि मग सत्त्याण्णव सालची जोडी माझ्या लक्षात आली. त्या वर्षी चोवीस मार्चला धुळवड होती. कॉलेज बंद होतं.

सकाळी दिनेश एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून रात्रपाळी करून आला, केसांत राखेची पूड तशीच. चहा पिताना मी त्याला विचारलं की मी झोपेत काही करते का. मला वाटलं हसेल. तो म्हणाला, “मार्चात करतेस. मूठ आपटतेस गादीवर. एकदा, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एकदा. शिक्के मारतेस असं वाटतं. म्हटलं परीक्षेचे दिवस, कामाचा ताण असेल.” इतकी वर्षं सांगितलं का नाही, म्हटलं. “सांगण्यासारखं काय त्यात? मी टर्बाइनचे आवाज काढतो म्हणतेसच की तू.” तो आंघोळीला गेला आणि मी माझा उजवा हात ओट्यावर ठेवून त्याच्याकडे बघत बसले. सतरा वर्षं शिक्का मारून तळव्याला एक घट्टा पडलाय. बाकी हातात वेगळं काही नव्हतं.

हिरामण पेठकडचाच, पण वीस वर्षं नाशकात काढलेला. मी त्याला सरळ विचारलं, हे मातीपरीक्षणाचं पुस्तक दरवर्षी मार्चमध्ये कोण नेतं. तो गोंधळला. मी त्याची परीक्षा घेतेय असं त्याला वाटलं असावं.

“तुमीच मागवता ना मॅडम. तेवीस तारखेला. मी काढून देतो.”

“मग मी काय करते त्याचं?”

“शिक्का मारता. मग बाहेर बाकड्यावर ठेवून येता. कुलूप लावायच्या टायमाला.” तो माझ्याकडे पाहत नव्हता. “एकदा म्या उचलून आत आणलं, पाऊसपाणी लागंल म्हणून, तर लय बोलल्या मला. मग नाय कधी हात लावला. दुसऱ्या दिशी सकाळी तुमीच उचलून आणता. शिक्का मारता. मला वाटलं, काही नवस असंल.”

“सत्त्याण्णवला धुळवड होती. बंद होतं.”

“त्या साली तुमी घरी येऊन किल्ली नेली माझ्याकडनं. अंगावर कोरडी साडी होती, एक ठिपका नाय रंगाचा. माझ्या बायकोनं पाणी दिलं, तेबी नाय प्यालात.”

मी त्याला जा म्हटलं. वाचनकक्ष भरलेला होता. जागेसाठी मुलं खिडकीच्या कट्ट्यावर बसली होती, काही जिन्यावर. दाराबाहेरचं ते बाकडं मात्र रिकामं होतं आणि मला तेव्हा प्रथमच कळलं की परीक्षेच्या दिवसांत त्यावर कधीच कुणी बसत नाही. त्या मुलांतल्या एकाला मी विचारलं, बाहेर का नाही बसत, वारा आहे. तो म्हणाला, “तिथं कोणाची तरी जागा आहे ना मॅडम.” कोणाची, ते त्याला सांगता आलं नाही.

मला हात दोषी ठरवायचा होता. माझ्या नकळत काहीतरी होत आलं, मी काय करू, असं म्हणून सुटता आलं असतं. पण हाताला कसं माहीत, हा प्रश्न राहतोच. मातीपरीक्षणाच्या पोटात ते पुस्तक आहे हे मला बुधवारी दुपारी कळलं, तर माझ्या हाताला पंच्याण्णव साली कसं कळलं होतं? मी बाइंडिंगचं रजिस्टर काढलं. मे चौऱ्याण्णव. गोटीरामकडून परत आलेल्या पुस्तकांची यादी, प्रत्येकापुढे बरोबरची खूण आणि ‘एकतीस तपासले. मो. को.’ मो. को. म्हणजे मोहिनी कोठावदे, म्हणजे मी. मातीपरीक्षणापुढेही ती खूण होती. आणि मी पुस्तक कधीच नुसतं वरून तपासत नाही, बाइंडरने पानं उलटसुलट लावली नाहीत ना हे शेवटपर्यंत पाहते. मग ते दिवस आपोआप आले. सुट्टी लागलेली, कक्ष रिकामा, ताज्या खळीचा आंबूस वास, खिडकीतून पांढरं ऊन. मी पानं उलटतेय. कागद पिवळा होतो. पान एक. मी एकतीस उघडते. चौदा हजार दोनशे सात. मी ते पाहते, चांगलं पाहते, आणि मग पुस्तक मिटून खूण करते. जूनमध्ये माझा नोकरीत कायम होण्याचा कागद निघायचा होता. परीक्षा होऊन गेली होती. आता बोलून तिला काय मिळणार, असं मी स्वतःशी म्हटलं, अगदी शांतपणे, आणि पुस्तक मातीच्या पुस्तकांत लावून टाकलं. मला माहीत होतं. दहा वर्षं मला माहीत होतं, आणि ते मी इतकं नीट जागेवर लावलं होतं की माझं मलाच सापडलं नाही. मी रडले. रडण्याचा मला काही हक्क नव्हता, तरी रडले.

शनिवारी मी दाखल रजिस्टरातला लाल शेरा खोडला आणि खाली लिहिलं, ‘वाचकाने पुस्तक वेळेत परत केले होते. चूक ग्रंथपालाची. मे १९९४ मध्ये कळूनही नोंद केली नाही.’ सही केली. प्राचार्यांनी खुलासा मागवला, तोही दिला. ते मला विचारत राहिले की दहा वर्षांनी हे कशाला, कोणी तक्रार केलीय का. मग एक कोरा कागद घेतला. तो तोच होता की नाही हे मी सांगू शकणार नाही, माझ्या खणात तळाशी एक जुना कोरा कागद होता एवढं खरं. त्यावर मी एक ओळ लिहिली: पुस्तक तू परत केलं होतंस आणि मला ते माहीत होतं. खाली तिच्या नावाने नो ड्यूजचा फॉर्म, ग्रंथालयाच्या रकान्यात माझी सही. बाकी रकाने कोरे. हिरामणला विचारलं, ती कुठे असते माहीत आहे का. त्याला माहीत होतं. इतकी वर्षं माहीत होतं, मी विचारलं नव्हतं. “दिवाळीनंतर विंचूरला येतात ती लोकं,” तो म्हणाला. “कांद्याच्या खळ्यावर. नवरा, ती, दोन पोरं. पावसाआधी घरी जातात, भात-नागलीला.” मी स्वतः जायला हवं होतं. माझ्याने झालं नाही. परीक्षेच्या दिवसांत रविवारीही ग्रंथालय उघडं असतं, म्हणून रजा देऊन त्याला रविवारी पाठवलं.

सोमवारी तो आला तेव्हा कागद त्याच्या खिशातच होता. “उभ्यानंच वाचला,” तो म्हणाला. “दोनदा वाचला. बायांनी विचारलं काय हाय, तर म्हणली, कॉलेजातनं आलाय. मग घडी करून मला परत दिला. म्हणली, बाईंकडं राहू दे, इथं भिजंल.”

“रागावली?”

“नाय. हसली उलट. म्हणली… मी काय बोललो नव्हतो मॅडम तिच्याजवळ, त्या बाकड्याचं. पोरांची शपथ. तुमीच सांगितलं होतं, कागद दे आणि ये.”

“काय म्हणाली?”

“म्हणली, बाईंना सांग, ते पुस्तक मला मिळतं. दर साली परीक्षेच्या आदल्या दिवशी बाई आणून देतात. मी बाकड्यावर बसलेली असती, त्या शेजारी ठेवून जातात, बोलत नायत. रातभर मी वाचती. सगळी पानं येतात मला. पण सकाळी पेपरला जायच्या टायमाला बाई येऊन घेऊन जातात.” हिरामणने कागद काढून माझ्या टेबलावर ठेवला. “म्हणली, तेवढं घेऊन जायचं बंद करा म्हणावं.”

तेवीस तारखेला मंगळवार होता. मी पुस्तक हिरामणला मागितलं नाही, माझ्या खणातून स्वतः काढलं. गोटीरामची शिवण पात्याने उसवली, माती वेगळी केली, पानं वेगळी केली. १४२०७ दहा वर्षांनी एकटं झालं, हलकं लागलं हाताला. सुवर्णाला म्हटलं, यावर पट्टी लाव आणि एक वाचक नव्याने टाक. ती टाइप करत म्हणाली, “भागीरथी भोये, कोणत्या वर्षाला आहे मॅडम? आयडी नाही दिसत.” शेवटच्या वर्षाला, म्हटलं. तिने माझ्याकडे पाहिलं, पण टाकलं. कॉम्प्युटरने पुस्तक दिल्याची नोंद घेतली, परतीची तारीख आपोआप आली. मी रबरी शिक्काही मारला, कागदाच्या पट्टीवर, सवयीने, आणि या वेळी शिक्का मारताना मी जागी होते. कुलूप लावायच्या वेळी पुस्तक बाकड्यावर ठेवलं. बाकड्यावर ऊन नव्हतं, तरी लाकूड एका जागी कोमट होतं. मी तिथे बघितलं. तोंड आठवायचा फार प्रयत्न केला. हात तेवढे दिसले, दोन्ही पुढे केलेले.

चोवीसला सकाळी मी पुढच्या दाराने गेले नाही. मागच्या बाजूने, जुन्या मासिकांच्या खोलीतून आत शिरले. हिरामण किल्ल्या घेऊन उभा होता. “बाहेर बघून येऊ का?” त्याने विचारलं. मी नको म्हटलं. दिवसभर मी त्या दाराकडे पाठ करून बसले. दिनेशने चहा ओतताना सांगितलं होतं की यंदा मूठ एकदाच आपटलीस, दुसऱ्यांदा आपटशील म्हणून वाट बघत मीच जागा राहिलो.

आता दर सोमवारी कॉम्प्युटर मुदत संपलेल्या पुस्तकांची यादी काढतो. पहिल्या ओळीला १४२०७ असतं आणि पुढे दिवसांचा आकडा वाढत जातो. सुवर्णा प्रत्येक वेळी विचारते, मॅडम, ही एन्ट्री हरवलंमध्ये टाकू का, यादी खराब दिसते. मी तिला सांगते, हरवलेलं नाही. पुस्तक वाचकाकडे आहे.